वानप्रस्थाची घाई

महाराष्ट्राबाहेर नोकरी करणाऱ्या आपल्या मंडळींच्या संभाषणात गेल्या काही वर्षांत एक नवा प्रश्न शिरला आहे. गणेशोत्सवाच्या मांडवात, कोजागिरीच्या दुधाभोवती किंवा कोणाच्या निरोपसमारंभात पूर्वी दोन अधिकारी भेटले म्हणजे बदली कोठे झाली, बढती का अडली आणि मुलाला प्रवेश कोठे मिळाला, एवढेच विषय निघत. आता चाळिशी ओलांडलेला गृहस्थ दुसऱ्याला हलक्या आवाजात विचारतो, "तुमचे किती उरले?" हा प्रश्न आयुष्याविषयीचा नसून पुण्यात किंवा नाशिकात घेतलेल्या सदनिकेच्या कर्जाविषयीचा असतो, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. उत्तर ऐकून झाले की पुढचे वाक्यही ठरलेले: "तेवढे एकदा फेडले की दिला कागद!" कागद म्हणजे स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज.

कर्ज फेडण्याविरुद्ध आमचे काहीच म्हणणे नाही. घेतलेले पैसे परत करावेत, जमल्यास मुदतीआधी करावेत, ही शिकवण आपल्या आईवडिलांनी दिलेली आहे आणि ती योग्यच आहे. लोकांनी आयुष्यभर कचेरीतच कुजावे, असेही आम्ही म्हणत नाही. आमचा वाद त्या वाक्यातील 'की' या एका अक्षराशी आहे. कर्ज फिटणे आणि नोकरी सोडणे या दोन गोष्टींची जी गाठ या अक्षराने मारली आहे, ती गाठ चुकीची आहे; हिशेबाने चुकीची आहे, आणि त्याहून अधिक, नीतीने चुकीची आहे.

या विचाराला काही विद्वान मित्र शास्त्राधारही देतात. मनूने तीन ऋणे फेडूनच मन मोक्षाकडे लावावे असे सांगितले आहे; तेव्हा आम्ही ऋण फेडून निवृत्त होतो, यात वावगे ते काय? वावगे एवढेच, की मनूची तीन ऋणे देव, ऋषी आणि पितर यांची आहेत. त्यांत बँकेचा समावेश नाही. वानप्रस्थाची जी वेळ त्याने सांगितली तीही पाहावी. अंगावर सुरकुत्या पडल्या, केस पिकले आणि मुलाचा मुलगा दृष्टीस पडला, म्हणजे गृहस्थाने अरण्याची वाट धरावी. आमच्या मित्रांचे केस खरोखरच पिकले आहेत. सुरकुत्यांविषयी आम्ही बोलत नाही. परंतु नातवाचा पत्ता नाही, कारण चिरंजीव अजून बारावीच्या शिकवणीला जात आहेत. शिवाय मनूच्या वानप्रस्थाला अरण्यात तीन खोल्यांची सदनिका, तळघरात गाडीची जागा आणि उद्वाहन यांची आवश्यकता भासत नव्हती.

असो. आता हिशेबाकडे वळू, कारण हा पंथ स्वतःला हिशेबी म्हणवतो.

५० लाख रुपयांचे कर्ज, ८.५ टक्के दराचे आणि २० वर्षांच्या मुदतीचे, असे उदाहरण घ्या. मासिक हप्ता सुमारे ४३,४०० रुपये बसतो. पहिल्या हप्त्यातील ३५,४०० रुपये व्याजात जातात आणि मुदलाला जेमतेम ८,००० लागतात. ३६ व्या वर्षी घर घेतलेला माणूस १२ वर्षे नेमाने हप्ते भरून ४८ वर्षांचा होतो, तेव्हा त्याने सुमारे साडेबासष्ट लाख रुपये बँकेला दिलेले असतात. त्यांतील साडेबेचाळीस लाखांहून अधिक रक्कम व्याजाची असते, आणि मुद्दल अजून तीस लाखांवर शिल्लक असते. वीस वर्षांचे एकूण व्याज ५४ लाखांच्या आसपास, म्हणजे मुदलाहूनही अधिक. जुन्या हिंदू व्यवहारशास्त्रात दामदुपटीचा नियम होता. सावकाराला एका वेळी मुदलाहून अधिक व्याज मागता येत नसे. बँक हा नियम मोडत नाही, कारण ती एका वेळी काहीच मागत नाही, दरमहा थोडे थोडे मागते. सावकारापेक्षा तिची रीत फार सभ्य आहे, हे मान्य केले पाहिजे.

मुद्दा असा, की मध्यान्हीच्या वयात ज्या कर्जाचा एवढा धसका वाटतो त्याचा मुख्य घास बँकेने आधीच घेतलेला असतो. उरलेल्या आठ वर्षांचे व्याज सुमारे साडेअकरा लाख. २०१२ पासून बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी परतफेडीचा दंड बँकांना घेता येत नाही, म्हणून आमचा गृहस्थ भविष्यनिधी आणि ठेवी मोडून तीस लाख एकरकमी भरतो. पण ते तीस लाखही कोठे तरी व्याज मिळवत होतेच. सार्वजनिक भविष्यनिधीचा दर एप्रिल २०२० मध्ये ७.१ टक्के ठरला आणि पुढे वर्षानुवर्षे तेथेच राहिला. तेव्हा खरा लाभ ८.५ आणि ७.१ यांच्यातील फरकाचा. वाचलेला हप्ता दरमहा न चुकता त्याच दराने साठवला, तर आठ वर्षांअखेर हा लाभ सुमारे तीन लाख रुपये भरतो. तीन लाख ही काही टाकून देण्याजोगी रक्कम नव्हे.

पण येथे थांबून एक प्रश्न विचारला पाहिजे. हे तीन लाख मिळतात कोणाला? ज्याचा हप्ता संपला आणि पगार मात्र चालू राहिला, त्याला. कर्जफेडीचे सारे फळ त्या पुढच्या वर्षांत आहे, ज्यांत पगार पूर्वीचाच येतो आणि त्यातला ४३,४०० रुपयांचा लचका तोडला जात नाही. बारा वर्षे खत घातले, पाणी घातले, राखण केली. आणि आंब्याला मोहोर येताच हा शेतकरी बांधावर कुऱ्हाड घेऊन उभा! नोकरी सोडणाऱ्याला हप्ता वाचल्याचा आनंद कसला? त्याचा हप्ता गेला आणि तो ज्यातून भरला जात होता तो पगारही गेला.

ज्यांनी सरकारी घरबांधणी अग्रिम घेतला आहे त्यांची गोष्ट याहून निराळी. २०१७ च्या नियमांप्रमाणे त्यांचे मुद्दल आधी, जास्तीत जास्त १८० हप्त्यांत, आणि सरळव्याज नंतर, जास्तीत जास्त ६० हप्त्यांत कापले जाते. इतकी सोयीची मांडणी कोणतीही बँक करणार नाही. ती घाईने मोडण्यात काय शहाणपण आहे, हे आम्हांस कळलेले नाही.

आणि निवृत्तिवेतन? जुन्या काळी हे गणित सोपे होते. १९७७ पासून केंद्र सरकारच्या सेवकाला २० वर्षे सेवेनंतर तीन महिन्यांची सूचना देऊन स्वेच्छेने निवृत्त होता येऊ लागले, आणि मागून निवृत्तिवेतन चालत येई. परंतु १ जानेवारी २००४ नंतर जे लागले, म्हणजे आज पंचेचाळीस-पन्नाशीच्या घरात असलेले बहुतेक जण, त्यांच्यामागे ते वेतन नाही; त्यांच्या नावे एक साठा आहे, आणि तो बाजाराबरोबर चढतो-उतरतो. १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आली आणि पंचवीस वर्षांच्या सेवेवर अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्या रकमेची हमी मिळाली, म्हणून अनेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी ते अधिसूचनेचे कलम शेवटपर्यंत वाचलेले दिसत नाही. स्वेच्छेने लवकर निघणाऱ्यास ही हमीची रक्कम निघाल्या दिवसापासून मिळत नाही. तो नोकरीत राहिला असता तर ज्या दिवशी नियत वयोमानाने निवृत्त झाला असता, त्या दिवसापासून मिळते. पन्नाशीत निघालेल्याने साठीपर्यंत दहा वर्षे काय खावे, हे कलमात सांगितलेले नाही.

यावर पंथाचे उत्तर तयार असते: वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट साठवा आणि निश्चिंत व्हा. महिना साठ हजार खर्च असेल तर एक कोटी ऐंशी लाख. हा पंचवीस पटींचा मंत्र कोणत्या पोथीतला, हे म्हणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. विल्यम बेंगेन नावाच्या अमेरिकन सल्लागाराने १९९४ मध्ये आपल्या देशातील शेअर आणि रोखे यांचे १९२६ पासूनचे आकडे तपासून, पहिल्या वर्षी साठ्याचे चार टक्के आणि पुढे महागाईप्रमाणे वाढवून काढले तर पैसा तीस वर्षे पुरतो का, एवढाच प्रश्न सोडवला होता. पैसा अमेरिकेचा, महागाई अमेरिकेची, मुदत तीस वर्षांची. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी निघालेल्या आमच्या मित्राला हा मंत्र अठ्ठ्याहत्तरीपर्यंत तारील, तोही बार्शी-बारामतीच्या भाजीबाजाराने अमेरिकेची आज्ञा पाळली तर. पुढे पत्नीचे आयुष्य, जे बहुधा पतीहून दीर्घ असते, कोणत्या मंत्रावर चालायचे?

तथापि हे सगळे हिशेब चुकले आणि एखाद्याजवळ खरोखरच पाच कोटी असले, तरी आमचे मुख्य म्हणणे तसेच उभे राहते.

कर्ज माणसाला भित्रा करते, हे ज्याने सरकारी कचेरीत दिवस काढले आहेत त्याला पटवून द्यावे लागत नाही. पस्तिशीतला अधिकारी फाइलवर प्रतिकूल टिप्पणी लिहिताना लेखणी अडखळवतो, ती नियम ठाऊक नसतो म्हणून नव्हे. वरिष्ठ नाराज झाला तर बदली होईल. बदली झाली तर मुलीची शाळा मध्येच सुटेल. चौकशी लागली आणि निलंबन झाले तर अर्ध्या पगारात त्रेचाळीस हजारांचा हप्ता भरायचा कसा? ही साखळी त्याच्या मनात क्षणार्धात फिरते, आणि टिप्पणीतील 'नियमबाह्य' हा शब्द 'विचारार्थ' असा मवाळ होतो. यात लाचलुचपत नाही, दुष्टपणा नाही. एका सज्जन माणसाचा हप्ता आहे. आपल्या कारभारातील किती नामुष्कीच्या गोष्टी दुर्जनांच्या लोभापेक्षा सज्जनांच्या हप्त्यांमुळे घडल्या असतील, याचा हिशेब कोणत्याही लेखापरीक्षणात निघणार नाही.

आता विचार करा. या माणसाने बारा-पंधरा वर्षे पोटाला चिमटा घेऊन ते कर्ज फेडले. ज्या भीतीने त्याची लेखणी अडखळत होती ती भीती आता त्याला उरली नाही. नियम त्याला पाठ आहेत, माणसे ओळखीची आहेत, कोणत्या कंत्राटाच्या कोणत्या परिशिष्टात पाणी मुरते हे त्याला वास घेऊन कळते. बढतीची हाव एव्हाना बरीचशी मावळलेली असते. आयुष्यात पहिल्यांदाच तो निर्भयपणे 'नाही' म्हणू शकतो, आणि ते 'नाही' ऐकायला बाहेर रांग लागली आहे. नेमक्या त्याच सकाळी हा गृहस्थ तीन महिन्यांची सूचना देऊन घरी जातो! त्याच्या खुर्चीवर येतो तो नवा पस्तिशीतला, नुकतेच कर्ज काढलेला.

आम्हांला कोणी रामशास्त्र्यांचे उदाहरण देईल, की त्यांनीही पुणे सोडले होते. सोडले, परंतु नारायणराव पेशव्यांच्या खुनाचा दोष राघोबादादांच्या माथी ठेवल्यानंतर सोडले; आधी नव्हे. आणि दादांचा अंमल उठल्यावर ते परत येऊन न्यायासनावर बसले, हे त्या गोष्टीचे उत्तरार्ध बहुधा सांगायचे राहून जाते. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्या राजीनाम्याला वजन आले, कारण सोडण्याजोगे काही तरी त्यांच्या हातात होते आणि ते त्यांनी सर्वांसमक्ष सोडले. शिवाय तेथून ते बागेत पाणी घालायला गेले नाहीत. विद्यापीठ अनुदान मंडळ आणि त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरुपद, असा त्यांचा पुढचा मार्ग होता. राजीनामा हे शस्त्र आहे, आणि ते सेवेत असलेल्याच्याच हाती असते. स्वेच्छानिवृत्ती घेऊन बसलेला माणूस फार तर वर्तमानपत्राला पत्र लिहू शकतो.

कोणी म्हणेल, हे सगळे उच्च पदस्थांचे. आम्ही तर लेखा विभागातले अनुभाग अधिकारी. आमच्या 'नाही'ला कोण विचारतो? हे म्हणणे आम्ही फार ऐकले आहे, आणि ते खरे नाही. देयक मंजूर होते ते अनुभागातून. वरिष्ठाला स्वाक्षरीसाठी जी टिप्पणी जाते, तिचा मसुदा खालीच तयार होतो. मसुद्यात नियमाचा उल्लेख असला, की तो डावलणाऱ्याला आपल्या सहीने डावलावा लागतो, आणि पुष्कळदा एवढ्यानेच हात मागे येतो.

थकव्याची गोष्ट मात्र आम्ही हसण्यावारी नेणार नाही. वीस वर्षांत सात गावे, प्रत्येक गावी नवी भाषा, नवा दूधवाला, नवी शाळा. हे ज्यांनी भोगले त्यांना विसाव्याची इच्छा होणे स्वाभाविक आहे. आजारपण असेल, साताऱ्याकडे आई अंथरुणाला खिळली असेल आणि पाहणारे दुसरे कोणी नसेल, तर कर्ज फिटलेले असो वा नसो, निघावे. त्याला आम्ही घाई म्हणत नाही. ते पितृऋणच आहे. तसेच सगळी कर्जे सारखी नसतात. लग्नकार्यासाठी काढलेले वैयक्तिक कर्ज किंवा क्रेडिट कार्डावर साचलेली बाकी यांचे व्याज पुष्कळ चढे असते; कार्डाच्या बाकीवर तर ते वर्षाला पुष्कळदा छत्तीस टक्क्यांवर जाते. ते उद्या नव्हे, आज फेडावे, दागिना मोडून फेडावे. आमचे भांडण घराच्या कर्जाशी बांधलेल्या वानप्रस्थाशी आहे.

आणि या वानप्रस्थाची किंमत कोण भरतो, हेही पाहिले पाहिजे. 'लवकर फेडायचे' या एका शब्दाखाली वीस वर्षे काय काय पुढे ढकलले जाते! गुवाहाटीला असताना काझीरंगा पाहायचे राहिले, भुवनेश्वरला असताना मुलीला ओडिसी नृत्य शिकवायचे राहिले, पत्नीला बी.एड. करायचे होते ते 'पुण्याला गेल्यावर' करायचे ठरले. मासिकाची वर्गणीही पुण्याला गेल्यावर. (हे वाक्य संपादकांनी गाळू नये, अशी विनंती.) निर्णयाच्या वेळी पत्नीला विचारले जाते, पण ते उत्तर ठरल्यानंतर. ती स्वतः नोकरीत असेल, तर तिने आपली नोकरी सोडून पुण्याला यावे हे गृहीतच धरले जाते. तिच्या सेवेची वर्षे, तिचा साठा, तिचे निवृत्तिवेतन यांची बेरीज त्या प्रसिद्ध तक्त्यात कोठेच नसते. मुलांचे तर बोलायलाच नको. कोलकात्यात वाढलेल्या मुलाला 'आपण आता घरी जायचे' असे सांगितले तेव्हा त्याने 'म्हणजे कोठे?' असे विचारल्याचे आमच्या ऐकिवात आहे. बाप रागावला. मुलाचा प्रश्न मात्र अगदी सरळ होता.

घरी जाऊन लेखन करीन, इतिहास वाचीन, संगीत शिकेन, असे म्हणणारेही आहेत, आणि या मासिकाच्या वाचकांत ते अधिक असावेत. त्यांच्यापुढे रियासतकार सरदेसाई यांचे आयुष्य ठेवावेसे वाटते. बडोद्याच्या महाराजांच्या पदरी त्यांनी दीर्घ नोकरी केली, वयाच्या साठीत १९२५ मध्ये निवृत्त होऊन कामशेतला राहिले, आणि १९३० ते १९३४ या अवघ्या काळात पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड संपादून काढले. निवृत्तीनंतर केवढे काम! परंतु 'मुसलमानी रियासत' १८९८ ची आहे आणि 'मराठी रियासती'चा आरंभ १९०२ चा. दोन्ही बडोद्याच्या नोकरीतली, दरबारी कामे सांभाळून केलेली. कामशेतला जी नदी दिसते तिचा उगम बडोद्यात आहे. नोकरीच्या वर्षांत ज्याने रोज अर्धा तास लेखणी धरली नाही, त्याची लेखणी पुण्याला गेल्यावर आपोआप चालू लागेल, असे मानायला आम्हांस तरी आधार सापडत नाही. दप्तर ज्याचे त्याने आधी उघडावे लागते.

राहता राहिले ते घर. ते बहुधा कुलूपबंद असते. आत फर्निचरवर जुनी चादर, भिंतीवर कोणा बिल्डराची दोन वर्षांमागची दिनदर्शिका. सोसायटीचा देखभाल खर्च नियमाने भरला जातो, आणि वर्षातून एकदा मे महिन्यात आठ दिवस खिडक्या उघडतात. भाडेकरू ठेवावा म्हटले तर मालक दचकतात: भिंतींना खिळे मारील, उठणार नाही, नव्या फरशीवर हळद सांडील. चार महिन्यांच्या भाड्याने ती फरशी पुन्हा घालता येते, आणि उरलेल्या आठ महिन्यांच्या भाड्याने हप्त्याचा बराच भार हलका होतो, हे त्यांना हिशेबाच्या तक्त्यात दिसत नाही. बरे, भाडेकरू नकोच असेल तर न ठेवावा. पण पुण्याला शिकायला आलेली, वसतिगृह न मिळाल्यामुळे खाटेपुरत्या जागेला भाडे भरणारी एखादी भाची किंवा पुतणी बहुतेकांच्या घराण्यात सापडेल. चावी निदान तिला द्यावी. खिडक्या तरी उघडतील.